अकरा अंगठे

थोरलीने एक गोष्ट फार पूर्वीच ठरवून टाकली होती. मरायचं ते सगळ्यांच्या शेवटी.

सगळ्यांच्या म्हणजे लाँड्रीच्या रोलर खात्यातल्या अकरा जणींच्या. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणारी ती वाफेवरची मोठी लाँड्री होती. रोलरचं काम असं, की दोन तापलेल्या लोखंडी रुळांच्या मध्ये ओली चादर सरकवायची आणि पलीकडून ती कोरडी, कडक होऊन बाहेर यायची. बोटं आत जाऊ नयेत म्हणून रुळांपुढे लोखंडी जाळी असायची. पासष्ट वर्षांपूर्वी एका मंगळवारी तीन नंबरच्या रोलरने धाकटीचा, म्हणजे थोरलीच्या सख्ख्या बहिणीचा, उजवा हात कोपरापर्यंत आत ओढला. नवव्या दिवशी धाकटी गेली. सतरा वर्षांची होती.

तिथल्या मॅनेजरच्या गळ्यात कायम शिट्टी लटकलेली असायची, म्हणून बायका त्याला शिट्टीच म्हणत. पुढे तो मॅनेजरचा मालक झाला, पिकल्या वयात अंथरुणावर मेला, आणि त्याच्या अंत्ययात्रेला अर्धं शहर लोटलं. थोरलीही गेली होती. खात्री करून घ्यायला.

तिच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने खिळ्याने ओढलेल्या अकरा रेघा होत्या. रोलरवरची एखादी गेली की थोरली तिच्या घरी जाऊन यायची, हात-पाय धुवायची आणि एका रेघेवर फुली मारायची. गेल्या हिवाळ्यात दहावी फुली पडली. थोरलीने दार लावलं आणि सुनेला म्हणाली, "आता बोलायला मी एकटीच उरले. काय झालं होतं ते आता मी सांगेन तेच."

"कोणाला सांगणार, आई?" सून भाजी चिरत म्हणाली. "मला तर पाठ झालंय."

पण ऐकणारी दारात येऊन उभी राहिली. लाँड्रीला शंभर वर्षं होत होती. मालक आता शिट्टीचा मुलगा होता, तोही सत्तरीपार. त्याने लाँड्रीचा इतिहास लिहून घ्यायचं आणि जुन्या बॉयलरच्या खोलीत संग्रहालय करायचं काढलं. बापाची शिट्टी मखमलीवर ठेवून काचेत मांडायची, हे पहिलं ठरलं होतं. पुस्तकाचं काम कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या एका बाईंकडे दिलं होतं. चाळिशीची, सडसडीत, पिशवीत टेपरेकॉर्डर. थोरलीने तिचं नावच टेपवाली ठेवलं.

"आजी, त्या दिवशी तुम्ही तिथे होतात?" टेपवालीने विचारलं.

"होते म्हणजे! धाकटीपासून हातभर लांब." थोरली सरसावून बसली. "चादरी भराभर निघाव्यात म्हणून त्या मेल्याने जाळी काढून ठेवली होती. त्या दिवशी प्यायला होता. झोकांड्या खात आला, तिच्या कानाशी शिट्टी फुंकली. पोर दचकली, हात आत गेला. आणि तो हसला. या डोळ्यांनी पाहिलं मी."

टेपवालीने सगळं टिपून घेतलं. चार दिवसांनी आली आणि पुन्हा तेच विचारलं, फक्त उलट्या टोकाने. थोरली वैतागली.

"तुला ऐकू कमी येतं का गं?"

"येतं की. पण आजी, माझं कामच हे. एकच गोष्ट तीनदा विचारायची, मग ती दुसऱ्या कशाशी जुळते का बघायचं. मागच्या वेळी साहेब कानाशी उभे होते. आज तुम्ही म्हणालात, दारात."

"दार काय आणि कान काय, हात गेला ना?"

टेपवालीने मान हलवली, पण लिहिलं काही नाही. ते न लिहिणं थोरलीला झोंबलं.

तिसऱ्या खेपेला टेपवालीने एका जुन्या कागदाची झेरॉक्स आणली. वरती दाट मजकूर, खाली तीन रांगांत अकरा अंगठे. सातवा तिचा. या कागदापायीच ती बावन्नाव्या वर्षी नातीच्या पाटीवर अक्षरं गिरवायला बसली होती. वाचता यायला लागल्यावर लाँड्रीच्या ऑफिसात बारा चकरा मारल्या, 'माझा कागद मला वाचू द्या' म्हणून. बाराही वेळा हात हलवत परत आली.

"वाचू?" टेपवाली म्हणाली.

"मी वाचते."

बोट ठेवून, एकेक शब्द जोडत तिने वाचलं. 'आम्ही खाली अंगठा करणाऱ्या अकरा जणी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी रोलर खात्यात हजर होतो व पुढील प्रकार आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. सदर मुलगी तिची पाळी नसताना खात्यात शिरली व मशीनशी चाळा करू लागली. रोलरला जाळी होती. ती तिने स्वतः उचलली.'

'चाळा' या शब्दावर तिचं बोट थांबलं ते निघेचना.

टेपवाली हळू आवाजात म्हणाली, "आजी, माझी अडचण समजून घ्या. कागद म्हणतो तुम्ही होतात आणि जाळी होती. हजेरीपटातही तुम्ही हजर आहात. आता तुम्ही म्हणता, 'मी होते, पण जाळी नव्हती.' एकाच माणसाच्या दोन साक्षी झाल्या. एक त्याच दिवसाची, दुसरी पासष्ट वर्षांनंतरची. लोक पहिलीच धरतात."

"आणि तू?"

"माझ्याकडे फिटरची वही आहे. त्यात बुधवारी सकाळी एक ओळ आहे, तीन नंबरची जाळी बसवली. मालक म्हणतात, साफसफाईला काढली असेल. अकरा अंगठ्यांपुढे माझी एक ओळ किती टिकणार? त्यात तुम्ही दारूचं सांगितलंत. साहेबांना पोटाचं दुखणं होतं, चहासुद्धा बंद होता. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आहेत. हे एक खोटं निघालं, की तुमचं सगळंच खोटं म्हणतील."

"मग छापणार काय?"

"कामगाराच्या हलगर्जीपणामुळे झालेला अपघात. खाली तळटीप देईन, एका वृद्ध साक्षीदाराचं म्हणणं वेगळं आहे."

"तळटीप म्हणजे?"

"पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात."

"म्हणजे धाकटी पायाशी," थोरली म्हणाली.

पुस्तक छापायला जायला आठ दिवस होते. टेपवाली झेरॉक्स ठेवून गेली.

थोरलीने तो कागद इतक्यांदा वाचला की सून म्हणाली, "आई, परीक्षा आहे का?" थोरली हसली नाही. तिला राग आला होता, आणि या वेळी तो नेहमीच्या ठिकाणी जाऊन बसेना. दारू तिने का घातली? खरं पुरेसं वाईट नव्हतं का? पुरेसं होतं. पण खरं सांगायला बसलं की त्यात तीही यायची. म्हणून तर दहा जणी जाण्याची वाट पाहिली. त्या दहाही जणींना ठाऊक होतं. एकीनेही कधी तोंडावर बोलून दाखवलं नव्हतं, आणि ते न बोलणंच तिने पासष्ट वर्षं सोसलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने ट्रंक उपसली. तळाशी कापडात गुंडाळलेला एक फोटो होता. एकोणीस वर्षांची मुलगी, नवे कपडे, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून खुशीत हसतेय. मागे स्टुडिओचा शिक्का, नंबर आणि तारीख. तिने टेपवालीला बोलावून घेतलं.

"घे. मी नव्हतेच तिथे."

टेपवालीने फोटो उलटा केला आणि बराच वेळ उलटाच धरला.

"लाँड्रीत हजेरी बिल्ल्याची लागायची, माणसाची नाही," थोरली म्हणाली. "आत जाताना आपल्या नंबरचा पितळी बिल्ला फळ्यावर टांगायचा. कारकून फळा बघून पट भरायचा. त्या मंगळवारी धाकटीला सुट्टी होती. ती घड्या घालायच्या खात्यातली, रोलरला तिचा हात कधी लागला नव्हता. मी म्हटलं, एवढ्या दुपारपुरता माझा बिल्ला टांग, मला फोटो काढायचाय. कोणाला पाठवायचा नव्हता. कोणी मागितलाही नव्हता. हौस."

"आणि अंगठा?"

"सहाला धावत पोचले. धाकटीला इस्पितळात नेलं होतं. शिट्टीने मला ऑफिसात घेतलं. म्हणाला, तुझा बिल्ला आहे ना फळ्यावर? मग तू इथे होतीस. नव्हते म्हणालीस तर बिल्ल्याची लबाडी, दोघींचं काम आजच संपलं. त्याला पक्कं माहीत होतं मी नव्हते. माझ्या अंगावर नवे कपडे होते, पोरी. त्याच कपड्यांत मी अंगठा टेकला."

टेपवाली उठून खिडकीशी गेली आणि परत येऊन बसली. "आजी, तुम्ही नव्हतात, तर कागदातलं 'स्वतःच्या डोळ्यांनी' खोटं. सातवा अंगठा खोटा ठरला, की बाकीचे दहा कसे घेतले हा प्रश्न येतोच. आणि मग फिटरची ओळ एकटी पडत नाही. पण एका फोटोवर भागणार नाही. मला याला जुळणारं दुसरं काही हवं, ज्याचा तुमच्याशी संबंध नाही."

"तुझा माझ्यावर विश्वास नाही?"

"माझा कागदावर विश्वास आहे. सूडावर नाही."

"माझा दोन्हींवर आहे. शोध."

तिने शोधलं. स्टुडिओ केव्हाच बंद झाला होता, पण फोटोग्राफरच्या नातवाने आजोबांच्या वह्या माळ्यावर ठेवल्या होत्या. फोटोवरच्या नंबरापुढे नोंद होती. मंगळवार, एक मुलगी, उभी, अडीच ते तीन.

पुस्तकाला मंजुरी देणाऱ्या समितीची बैठक लाँड्रीच्याच ऑफिसात भरली, बारा वेळा थोरलीला परत पाठवणाऱ्या त्याच खोलीत. शिट्टीचा मुलगा मध्ये बसला होता, दोन्ही बाजूंना दोघं होयबा. थोरली सुनेचा हात धरून आली आणि न सांगता खुर्चीवर बसली. टेपवालीने प्रकरण वाचलं. कागद, पट, वही, फोटो, स्टुडिओची नोंद. कुठे आवाज चढवला नाही. फक्त इतकं म्हणाली, "शिट्टी फुंकली का, कोण हसलं, हे आपल्याला माहीत नाही. म्हणून मी ते लिहिलेलं नाही."

थोरलीने ओठ चावला.

मालक तिच्याकडे वळला. "मावशी, या वयात हे? हा सरळ सूड आहे."

"आहे."

"मेलेल्या माणसावर?"

"मेलेल्या पोरीवर आळ घेताना तुमच्या वडिलांना जड गेलं नाही."

"आणि तुमचं काय? बिल्ल्याची लबाडी तुमची. तुम्ही कामावर गेला असतात तर..."

तो थांबला.

"तर हात माझा गेला असता," थोरली म्हणाली. "हे मी रोज म्हणते. दुसऱ्या कोणी म्हणायला पासष्ट वर्षं लागली. छापा तेही."

"तुमची बदनामी होईल, मावशी. मी तुमच्यासाठी सांगतोय."

"होऊ दे. माझ्या बदनामीशिवाय तुमच्या वडिलांची होत नाही, त्याला मी काय करू?"

मालकाने टेपवालीला सांगितलं, हे प्रकरण काढा. ती कागद गोळा करत म्हणाली, "काढते. मग ते मी दुसरीकडे छापीन, आणि कोणी काढायला लावलं तेही लिहीन." डावीकडचा होयबा मालकाच्या कानाला लागला. मालकाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "राहू द्या. पण मग शिट्टी काचेतून काढा."

"का?" थोरली ताडकन म्हणाली. "शिट्टी राहणार. तिच्या शेजारी अंगठ्यांचा कागद. त्याच्या शेजारी माझा फोटो, तारखेसकट."

"फोटो कशाला, आजी?" टेपवालीने विचारलं.

"लोकांना बघू दे, त्या घटकेला मी काय करत होते. नुसती त्याची शिट्टी काचेत गेली, तर मी सुटले असं होईल."

संग्रहालय उघडलं त्या दिवशी थोरली काचेसमोर उभी राहिली. पाटीवर धाकटीचं वय होतं, वेळ होती, आणि 'चाळा' हा शब्द कुठेही नव्हता. आधी लोकांना फोटोतली हसरी मुलगी दिसायची. कौतुकाने ते जवळ यायचे, मग पाटी वाचायचे, मग पुन्हा फोटोकडे बघायचे, पण आधीसारखे नाही. थोरलीने तसे सात-आठ जण मोजले. प्रत्येक वेळी ती नजर तिला लागली, पण ती जागची हलली नाही.

बाहेर पडताना सुनेने विचारलं, "झालं समाधान?"

"अर्धं."

"आता आणखी काय राहिलं?"

थोरलीने मागे पाहिलं. ऑफिसात जायला रस्ता एकच होता, त्या काचेच्या पुढूनच. शिट्टीचा मुलगा मान खाली घालून चालला होता. काचेशी आला तेव्हा त्याची पावलं भराभर पडू लागली.

"तो इथून रोज जाणार," ती म्हणाली. "घरी गेल्यावर मला खिळा काढून दे. बारावी रेघ ओढायचीय. त्याची."