ऑरिनच्या दारातला उतार

मी एक जुना लाकडी उतार आहे, मित्रांनो. ओहायोतल्या एका वसाहतीत, ऑरिन टटलच्या पुढच्या पायऱ्यांवर मला बसवलेलं आहे. आता माझ्या फळ्या करकरतात आणि फार बोलवतही नाही.

ऑरिनच्या बायकोला, व्हर्नाला, अर्धांगवायूचा झटका आला. गुरुवारी ती चाकाच्या खुर्चीतून इस्पितळातून घरी यायची होती. आमच्याकडे घराच्या दर्शनी भागात काही बदलायचं तर घरमालक संघाच्या समितीची मंजुरी लागते, आणि समिती बसणार महिनाअखेरीला. ऑरिन थांबला नाही. तिची खुर्ची पायऱ्यांवरून ने-आण करता यावी म्हणून तीन दिवस खपून त्याने मला उभं केलं.

पुढच्याच महिन्यात समितीचं पत्र आलं. विनापरवाना बांधकाम, तीस दिवसांत काढा. ऑरिनने नकाशे पाठवले. एकदा ते कठड्याच्या रंगावरून परत आले, एकदा मी रस्त्यावरून दिसतो म्हणून. माणसं यायची, फीत लावून मला मोजायची आणि निघून जायची. सहा महिने हेच चाललं. व्हर्नाने बाहेर येणंच सोडलं.

"माझ्यापायी तुझं सगळ्यांशी वाकडं आलं," ती म्हणायची.

शेवटी ऑरिनने विनंती केली, की सुनावणी त्याच्या दारातच घ्यावी. समितीची प्रमुख लॉरेन डेकर आली.

"नियम सगळ्यांना सारखा, ऑरिन. उतार मागच्या दाराला कर ना."

"मागे जाऊन बघून ये," तो थकून म्हणाला.

मागच्या दाराबाहेर थेट ओढ्यापर्यंत घसरण आहे. लॉरेन चिखलाने माखलेल्या बुटांनी परतली आणि माझ्या फळ्यांवरच बसली.

दारातून व्हर्ना म्हणाली, "बूट राहू देत गं, आत ये. कॉफी मात्र ऑरिनच्या हातची प्यावी लागेल."

"मी सहा महिने नुसते कागद वाचत बसले," लॉरेन हळूच म्हणाली.

त्या दिवशी तोडगा निघाला. कठडा घराच्या रंगाचा करायचा, पुढे झुडपं लावायची आणि मला ठेवायचं. आजारपणाचे अर्ज यापुढे पाच दिवसांत निकाली काढायचंही ठरलं.

त्यानंतर व्हर्नाला एकच उन्हाळा मिळाला. रोज संध्याकाळी ती माझ्यावरून खाली उतरायची. कागदांत गेलेले सहा महिने मात्र तिला कोणी परत देऊ शकलं नाही.

आता ऑरिन स्वतःच कठडा धरून चालतो. मला तेल लावणं त्याला जमत नाही. मित्रांनो, कुणाच्या दारी असा उतार दिसला, तर त्याची निगा राखा. आणि मोठेपणी कधी समितीत बसलात, तर 'नामंजूर' लिहिण्याआधी त्या घरापर्यंत एकदा चालत जा.