उन्हाने खाल्लेला पट्टा

मित्रांनो, रानात मुक्कामाला गेल्यावर दोन झाडांच्या मध्ये बांधतात ना, तसली मी एक जुनी झोळी. रंग विटला, पोटाला ठिगळ लागलं, पण भीती अजून कोरी आहे. कुणी माझ्यात बसायला वाकलं, की आजही माझा धागा न् धागा थरथरतो.

झोळी होण्याआधी मी खिडकीचा पडदा होते. अकरा वर्षं ऊन झेलत उभी राहिले. मग घरातल्या लेकीने मला उतरवलं. ती तंबू शिवायच्या कारखान्यात कामाला. तिचे बाबा म्हातारे शिंपी. जिन्यावरून पडून त्यांची कंबर मोडली होती. पुन्हा पडलात तर उठणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जमिनीवर झोपणं बंद झालं. तरी एकदा लेकीबरोबर रानात राहून यायचं त्यांच्या मनात होतं.

म्हणून तिने खोलीच्या समोरासमोरच्या भिंतींत कड्या ठोकल्या आणि झोळ्या पारखायला घेतल्या. आधी जाळीची. तिच्यात माणसाच्या वजनाचं वाळूचं पोतं ठेवलं, मग स्वतः झोपली. उठली ती पाठभर चौकटी घेऊन. "बाबा, मी चाळणीतून गाळून निघाले." मग टोकांना लाकडी दांड्या असलेली. दिसायला सपाट, पण कुशीवर वळलं की उलटायची. शेवटी तिने मला शिवलं. दांडी नाही, टोकं चुणून नुसता दोर ओवलेला. माझ्यात तिरकं झोपलं की पाठ सरळ राहते.

"हिच्यात पोतं नाही ठेवायचं?" बाबांनी विचारलं.

"माझ्या हातची शिवण आहे बाबा. तिची कसली परीक्षा?"

पण मला ठाऊक होतं, पडद्याच्या मधल्या पट्ट्यावर रोजचं ऊन पडायचं. तो पट्टा आतून जळून गेला होता, आणि नेमका तोच आता कंबरेखाली येत होता. सांगू कशी? कापडाला तोंड नसतं.

बाबा हळूच टेकले. पाय वर घेतले. खाली नुसती फरशी. सगळं बळ एकवटून मी त्यांना धरलं. एक धागा तुटला. मग दुसरा.

"दोर वाजतोय तो," लेक म्हणाली. "हला जरा, सैल होईल."

बाबा हलले नाहीत. "दोर करकरतो गं. हे चरचरतंय. हे कापड आहे. मला हात दे. ओढू नकोस, नुसता दे."

त्यांचे पाय फरशीला लागेपर्यंत माझे सात धागे गेले. मी मोजले.

मग त्यांनी तिलाच पोतं ठेवायला लावलं. टर्रकन मी दुभंगले. पोतं असं आदळलं, की खिडकीची तावदानं वाजली. लेकीने माझ्या फाटलेल्या कडांवरून बोट फिरवलं.

"शिवण तुझी पक्कीच आहे," बाबा म्हणाले. "बघ, एक टाका हललेला नाही. आता सुई आण. नाहीतर मला त्या चाळणीत झोपावं लागेल."

तंबूच्या जाड कापडाचा दुहेरी पट्टा त्यांनी स्वतः माझ्या पोटाला लावला. चार दिवस पोतं माझ्यात झुललं. मग बाबा रानात माझ्यात झोपले, जमिनीपासून वीतभर उंच. लेक शेजारी बसून सारखी माझ्या पोटाखालून हात फिरवत होती.

आता बाबा नाहीत. मित्रांनो, मला कधी बाहेर काढलंत, तर आधी उजेडासमोर धरा. आधी पोतं ठेवा. वीतभरच उंच बांधा. आणि मी चरचरले, तर हसण्यावारी नेऊ नका. मला दुसरी भाषा येत नाही.