बंगारा

भूमितीच्या तासाला शरणबसव मागं वळला आणि केतकीला म्हणाला, “बंगारा, जरा कर्कटक दे की.”

सोनालीच्या हातातली पट्टी तिथंच थांबली. बंगारा? केतकीला?

नववीत त्यानं सोनालीला पहिल्यांदा तशी हाक मारली, तेव्हा तिनं गुपचूप चौकशी केली होती. बंगारा म्हणजे कन्नडात सोनं. आणि ही सोनाली. म्हणजे अक्कलकोटहून आत्याकडं शिकायला आलेल्या या पोरानं तिचं नाव आपल्या घरच्या भाषेत नेऊन खास तिच्यासाठी घडवलं होतं. तेव्हापासून ती हवेतच चालत होती.

दहावीला मोडनिंबहून केतकी आली आणि शरणबसवच्या गप्पा हळूहळू तिकडं सरकल्या. तिच्या लांब वेण्या, तिचं गणित, सगळं सोनालीनं जळत जळत का होईना, गिळलं. पण नाव? केतकीत कुठनं आलं सोनं? तिच्यासाठी दुसरं शोधायचं की.

संध्याकाळी विज्ञानाची वही परत द्यायचं निमित्त काढून ती त्याच्या घरी धडकली. भांडायचंच होतं. तो घरी नव्हता. त्याची आत्या गुरम्मा दारात उखळ घेऊन शेंगाचटणी कुटत होती.

“बा बंगारा, बस की.”

सोनाली बसली ती बसलीच. तेवढ्यात दारातल्या शेळीनं शेंगदाण्याच्या ताटात तोंड घातलं.

“ए बंगारा, सरक तिकडं,” आत्या शेळीला म्हणाली. मग गॅसवाला आला, तर त्यालाही, “बंगारा, टाकी आत ठेव बाबा.”

“आत्या, तुमी सगळ्यांनाच बंगारा म्हणता?”

“लाडाचं हाय ते. आमच्यात समोर दिसंल त्याला म्हणत्यात.”

“शेळीला पण?”

“ती तर लई गुणाची हाय.”

घरी जाताना सोनालीला रडू आलं, मग हसू आलं, मग परत रडू. दीड वर्ष जो शब्द उशाशी घेऊन झोपली, तो गॅसवाल्याचाही होता. आणि मग तिला एक झकास विचार सुचला. हे केतकीला सांगायचं. सगळ्या पोरींसमोर, शेळीसकट.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी केतकीनंच तिला गाठलं.

“सोनाली, तू नववीपासून शरणबसवच्या वर्गात आहेस, तुला थोडं कन्नड कळत असेल ना गं? बंगारा म्हंजे काय?”

विचारतानाच तिचे कान लाल झाले होते. शेजारी चार पोरी बाटल्या भरत होत्या. शेळी सोनालीच्या जिभेच्या टोकावर येऊन उभी राहिली. पण ते लाल कान बघून तिला कसंतरीच झालं. नववीत आपले कान असेच तापायचे. तेव्हा कुणी हसलं असतं तर?

“सोनं,” ती म्हणाली.

“खरंच? आणि अजून काही अर्थ?”

“मला एवढाच माहितीय.”

केतकी मान खाली घालून हसली. हसताना ती छानच दिसली, आणि सोनाली पुन्हा सणकून जळली. तिनं नळाखाली ओंजळ धरली, गटागटा पाणी प्यायली आणि शरणबसव कुठं उभाय हे न बघता वर्गाकडं निघाली.