चुकवलेला उंबरा

लुईसच्या मुलीचा, एलिसाचा, बाप्तिस्मा झाला त्या वर्षी, म्हणजे १९८१ साली, वसईतल्या एका आळीत सुताराने मला घडवले. मी एक जुनी पेटी आहे. माझे लाकूड फणसाचे. तो फणस आळीतल्या मार्गारेटच्या अंगणातला. वादळात पडला आणि तिने तो आळीला देऊन टाकला. मला पुढे काच, वर पितळी कडी आणि आत मरियामातेची मूर्ती.

मित्रांनो, आमच्या आळीत घरे एकतीस आणि रोझरीच्या महिन्याचे, ऑक्टोबरचे, दिवसही एकतीस. रोज संध्याकाळी मी पुढच्या घरी जायचे. तिथे सगळे गुडघे टेकून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायचे, मग उकडलेले चणे वाटायचे. मार्गारेट पदराने माझी काच पुसायची. म्हणायची, "माझा फणस बघा, मेल्यावर घरोघर फिरतो. मी तर जिवंतपणीही एवढी फिरले नाही."

पुढे तिचा नवरा अंथरुणाला खिळला आणि औषधपाण्यासाठी तिने विहिरीचे पाणी टँकरवाल्यांना विकले. त्या उन्हाळ्यात आळीच्या विहिरी आटल्या. लोक चिडले, ते रास्तच होते. पण रोझरी सांगणारा लुईस म्हणाला, "या वर्षी पेटी तिच्या उंबऱ्याला लागणार नाही." नवरा वारला, टँकर थांबले, तरी ते 'या वर्षी' सात वर्षे चालले. महिन्याचा एक दिवस उरायचा. तेव्हा मी लुईसकडेच दुसऱ्यांदा बसायचे. शेजारच्या घरात आम्ही देवाकडे दया मागायचो आणि मार्गारेट तिच्या ओटीवरून प्रार्थनेचा दुसरा, उत्तराचा भाग म्हणायची. तिचा आवाज सगळ्यांना ऐकू यायचा. कुणी मान वळवत नसे.

२०२३ साली तिला उठवेना. एलिसा बापाला म्हणाली, "बाबा, मार्गारेटमावशी रोज विचारते, पेटी कधी येणार. आज नेऊ या."

"तिने एकदा येऊन चुकले म्हणावे."

"तिला ओटीपर्यंत चालवत नाही. आणि तुमच्या चुलतभावाने, फ्लॉईडकाकांनी, गेल्या वर्षी टँकर भरले. त्यांच्याकडचे चणे बरे गोड लागले तुम्हाला."

लुईस माळेचे मणी ओढत राहिला. "उरलेला दिवस आहे ना? एकतीस तारखेला बघू."

एलिसाने तसे जाऊन सांगितले. मार्गारेटने तिच्याकडूनच टेबल पुसून घेतले आणि त्यावर पांढरे कापड अंथरायला लावले.

एकतीस तारखेला लुईसने मला स्वतः उचलले. कापड तसेच होते, एक सुरकुती नाही. सगळी आळी जमली, फुले आणली, रडलीसुद्धा. लुईसने प्रार्थना सुरू केली आणि पहिल्याच उत्तराला तो ओटीकडे बघून थांबला. मग पुढे म्हणू लागला.

मित्रांनो, माझी कडी काळी पडली तरी चालेल. काच फुटली तर नवी बसेल. पण एक दार चुकवून मला पुढच्या घरी नेऊ नका. नेलेत, तर निदान तिथे बसून दया मागू नका.

मार्गारेट २९ ऑक्टोबर २०२३ रोजी, रविवारी सकाळी, सगळी आळी चर्चमध्ये मिस्साला गेली असताना वारली.