तुळशीपाशी एक कॅमेरा

लेकीच्या लग्नाचे फोटो कसे काढायचे, यावरून माझं आणि तिचं, श्रावणीचं, सकाळपासून वाजलं होतं. समता कॉलोनीत फोटोग्राफर चिरागच्या स्टुडिओत पोचलो तरी दोघींची तोंडं दोन दिशांना.

तिला कँडिड हवं. म्हणजे कॅमेऱ्याकडे कुणी बघायचंच नाही. मला जुन्या पद्धतीचे हवेत. एकेक घर स्टेजवर उभं करा, डोकी मोजा, मग फोटो. मी यादीच करून आणली होती.

"आई, लाइन में खड़े करके अब कौन फोटो लेता है?" इथे हिंदी मुलखात वाढलेल्या पोरीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतच.

"मी घेते. एकही माणूस सुटला नाही पाहिजे."

"इतनी ज़िद काहे की?"

मी पिशवीतून माझ्या लग्नाचा अल्बम काढला. अठ्ठावीस वर्षांपूर्वी इथल्याच बूढापाऱ्यात झालेलं लग्न. त्यात रुसलेली आत्या आहे, घाम पुसणारा आचारीसुद्धा आहे. माझी आई नाही. आमच्यात मंगलाष्टकं चालू असताना नवरीची आई मांडवात थांबत नाही, तुळशीला पाणी घालत बसते. नंतर स्टेजवर फोटो सुरू झाले तेव्हा ती माझी बॅग भरत होती. तिला बोलवा असं कुणी म्हटलं नाही. मीही नाही, मी माझ्याच तोऱ्यात. एका फोटोत मागे कोपऱ्यात तिची पाठ आणि हातातला तांब्या दिसतो, तेवढंच. पुढच्याच वर्षी ती गेली.

तिचे दुसरे फोटो आहेत, नाही असं नाही. पण त्या दिवशी मला सासरी देऊन टाकताना तिचा चेहरा कसा झाला होता, तो मला बघायचा आहे. अजून.

"म्हणूनच म्हणून राहिली मी, सगळ्यांले उभं कर," मी म्हटलं. "माझी आई त्या दिवशी कशी दिसत होती, मलेच माहीत नाही."

श्रावणीने अल्बम ओढून घेतला. त्या पाठमोऱ्या फोटोवर बराच वेळ बोट ठेवून बसली. मग चिरागला म्हणाली, "भैया, मंगलाष्टक के टाइम दोनों कैमरे कहाँ रहेंगे?"

"स्टेज पे, दीदी. दूल्हा-दुल्हन पे."

"एक तुलसी के पास रखना. आई वहीं रहेगी." आणि माझ्याकडे वळून चक्क मराठीत, "मले तुझा चेहरा पाहिजे."

एवढी मोठी यादी केली, पण तुळस काही मला सुचली नव्हती.

"आंटी, रोना आए तो रोकना मत," चिराग म्हणाला. "कँडिड में अच्छा आता है."

"मी काहून रडू?" मी खेकसले, आणि डोळ्यांना पदर लावला.

श्रावणीला तिची आई मिळेल. मी अल्बम मांडीवर घेऊन त्या कोपऱ्याकडे बघत बसले. आई, एकदा मागे वळून बघ ना गं.