अकरा रोपं आणि माझं पाणी

मी पत्र्याची एक जुनी झारी आहे आणि मित्रांनो, माझ्या पाण्याने अकरा रोपं मेली.

एका पत्रेवाल्याने मला ठोकून घडवलं आणि माझ्या मालकांनी, म्हणजे बाबांनी, मला बाजारातून घरी आणलं. वीस वर्षं मी त्यांच्या गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घातलं. "झारी असावी तर अशी," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे आणि मी फुगून जायचे.

मग रस्ता रुंद करताना गल्लीच्या तोंडाशी असलेलं हॅकबेरीचं झाड पाडलं. हे मूळचं थंड डोंगराकडचं, पण इथल्या मातीत रुजलेलं झाड, पाऊस रुसला तरी तग धरणारं. बाबांच्या बायकोने ते लावलं होतं आणि ती जाऊन तीन वर्षं झाली होती. तिच्या हातचं एवढंच उरलं होतं. बाबांनी पडलेल्या फांद्यांवरची वाटाण्याएवढी जांभळी फळं गोळा केली, गर चोळून काढला, बिया ओल्या वाळूत घातल्या आणि बरणी फ्रिजमध्ये ठेवली. या बियांना थंडी लागल्याशिवाय जाग येत नाही. अडीच महिने घरातच राहणारा जावई ती बरणी सरकवून दूध काढत होता. "बाबा, फ्रिज आपला की वाळूचा?" असं तो रोज विचारायचा.

त्यातल्या बारा बिया उगवल्या. रोपवाटिकेवाल्याने बजावलं होतं, पाणी आठवड्यातून एकदाच आणि तेही बाबांनीच घालायचं. पण लेकीला वाटलं, बाबांना हल्ली विसरायला होतं. म्हणून शिलाई मशीनवर बसण्याआधी ती गुपचूप मला उचलायची. जावई बस डेपोत लावून आला की तोही उचलायचा. आणि बाबांना कुठला धीर धरवतोय? दुपारी तेही थोडं थोडं घालायचेच. तिघांचं एकमेकांना ठाऊक नव्हतं. मला मात्र सगळं ठाऊक होतं आणि मी म्हणायचे, नशीबवान आहेत रोपं!

पानं पिवळी पडली, तसं तिघांनीही पाणी वाढवलं.

एका सकाळी बाबांनी एक रोप धरलं, तर ते अलगद हातात आलं. मुळं काळी, लिबलिबीत. दुसरंही तसंच. तिसरंही.

"मी तर रोज पाणी घालत होते," लेक बोलून गेली.

"तूही?" जावई म्हणाला.

बाबांनी हातातलं रोप खाली ठेवलं. "मीसुद्धा," ते हळूच म्हणाले. "म्हणजे आपण तिघांनी मिळून मारली."

मी शेजारीच होते, अर्धी भरलेली. ज्याला मी माया समजत होते, त्यात ती बुडून मेली होती. आणि खरा धक्का तर पुढेच होता. एक कुंडी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे सरकली होती. माझी तोटी तिथे पोचत नव्हती, म्हणून कोणी तिकडे वळलंच नव्हतं. टाकीच्या जराशा ओलीवर बारावं रोप हिरवंगार उभं होतं.

पावसाळ्यात बाबांनी ते गल्लीच्या तोंडाशी लावलं. पुढच्या उन्हाळ्यात त्याची सगळी पानं गळाली. जावयाला राहवेना. तो मला काठोकाठ भरून निघाला, तेवढ्यात बाबांनी त्याचं मनगट धरलं.

"जावईबापू, थांबा." त्यांनी मातीत बोट खुपसलं. वर धूळ होती, पण खाली गारवा होता. मग त्यांनी नखाने साल जराशी खरवडली. आत हिरवं होतं.

"आणि मेलं तर?" जावयाने विचारलं.

"तर तुमच्या सासूबाईंना काय सांगायचं ते मी बघेन," बाबा म्हणाले. त्यांनी मनगट सोडलं नाही.

आयुष्यात पहिल्यांदाच मी भरलेली परत आले.

मित्रांनो, झारी उचलण्याआधी मातीत बोट घालून बघा. ते झाड आता जावयाच्या डोक्यावर गेलंय आणि त्याला माझा एक थेंबही लागलेला नाही.