त्या सहा सेकंदांतला हात

चिमीताईंचं सोफे-खुर्च्या मढवायचं दुकान सकाळी उघडलं, की थोड्याच वेळात हातोडीचा आवाज सुरू व्हायचा. त्या दिवशी हातोडीच्या आधी त्यांचा दादा आला, आणि त्याच्यासोबत पन्नाशीचा, टक्कल पडलेला एक पाहुणा.

"हे संगीतकार आहेत," दादा म्हणाला. "शोधत माझ्याकडे आले. पण चिमे, यांचं काम खरं तुझ्याकडे आहे."

पाहुण्याने कापड बेतायच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि एक गाणं लावलं. तीस वर्षांपूर्वी त्याने ते आपल्या खोलीत बसून केलं होतं, आणि ड्रम अँड बेस नावाच्या भरधाव नाचाच्या संगीताचे वेडे अजून त्यावर नाचत होते. खाली जाडजूड बेस घुमत होता, वर ड्रम सुसाट सुटले होते.

"अगं बाई! कुत्रं मागे लागलंय का याच्या?" चिमीताई म्हणाल्या.

पाहुणा हसला. "यातला बेस माझा. मधेच 'ये ना' म्हणणारी बाई एका जुन्या रेकॉर्डवरची. आणि हे ड्रम दुसऱ्या रेकॉर्डवरचे, फक्त सहा सेकंद. तेवढेच उचलले, वेग वाढवला आणि एकापुढे एक जोडत गेलो. आता मूळचं ऐका."

त्याने ती जुनी रेकॉर्ड लावली आणि वेग उतरला. चिमीताईंचा उजवा पाय आपोआप ताल धरू लागला. हे त्यांनीच वाजवलं होतं, एकोणिसाव्या वर्षी. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी दादा सायकलवरून पडला, मनगट सुजून टम्म झालं. स्टुडिओ तर त्या एकाच सकाळी मिळत होता. मग दादाच्या ड्रमवर चोरून हात साफ करणारी चिमी त्याच्या जागी बसली. रेकॉर्डचं कव्हर मात्र दादाच्या नावाने आधीच छापून झालं होतं.

"इतकी वर्षं मी गप्प बसलो," दादा मान खाली घालून म्हणाला.

"मी तरी कुठे बोलले? बस त्या स्टुलावर."

पाहुणा पुढे सरकला. "ताई, एक विचारू? मोठ्या ठोक्यांच्या मधे अगदी हलके ठोके आहेत. भल्याभल्यांना तसे जमले नाहीत. केलंत तरी काय?"

चिमीताईंनी आठवून पाहिलं आणि त्यांना हसूच फुटलं.

"अहो, मी मोजत होते! घाबरून मोजणं चुकेल म्हणून डाव्या हातातल्या काठीने हळूच टिचक्या मारत होते. वाटलं, कुणाला ऐकू जाणार नाहीत."

"हजारो लोक नाचलेत त्या टिचक्यांवर!" पाहुणा म्हणाला. "गाण्याची नवी रेकॉर्ड निघतेय. तिच्यावर तुमचं नाव टाकतो."

"टाका. पण पूर्ण नाव हं, चिमी नको."

मग त्यांनी लाकडाच्या दोन पट्ट्या उचलल्या आणि अर्धवट मढवलेल्या सोफ्यावर वाजवायला सुरुवात केली. हात जरा जड झाला होता, पण टिचक्या जागच्या जागी पडत होत्या. दादाही स्टुलावर बोटं आपटायला लागला.

"दादा, घाई करतोस," त्या म्हणाल्या, आणि दोघं पुन्हा पहिल्यापासून वाजवू लागले.